एनमचे नाव आणि पडद्यावरचा मजकूर

निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल ही भाषा मांडली तेव्हा ठरावीक पर्यायांना आकड्यांऐवजी नावे देण्याची सोय तिच्यात ठेवली. तिलाच आज आपण एनम म्हणतो. अर्जाची स्थिती ०, १, २ अशी न लिहिता नावाने लिहिली की कोड वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही आणि भलते मूल्य कंपाइलरच अडवतो. पण ही नावे प्रोग्रामरपुरती होती. प्रमाण पास्कलमध्ये एनमचे मूल्य थेट छापता येत नसे. प्रत्येक पर्यायाचा मजकूर वेगळा लिहावा लागे. ही उणीव मानली गेली. मला मात्र त्या सक्तीत शहाणपण दिसते, कारण कोडमधले नाव प्रोग्रामरचे आणि पडद्यावरचा मजकूर वापरणाऱ्याचा, हा भेद तिच्यामुळे आपोआप पाळला जाई.

हा भेद सोयीपायी पुसट झाला. १९८३ च्या अडा भाषेत मूल्याचे नाव मजकूर म्हणून मिळू लागले. २००२ मध्ये आलेल्या डॉटनेटमध्ये तर एनमची यादी कॉम्बोबॉक्सला बांधली की नावे जशीच्या तशी पडद्यावर येत. नावात मोकळी जागा चालत नसल्याने ग्राहकाला ‘पेमेंटपेंडिंग’ असा जोडशब्द वाचावा लागे. यावर प्रोग्रामरांनी डिस्क्रिप्शन ॲट्रिब्यूट हाताशी धरले. मुळात ते प्रॉपर्टी विंडोत माहिती दाखवण्यासाठी होते. आता प्रत्येक मूल्याच्या डोक्यावर वाचनीय मजकूर लिहिला जाऊ लागला. २००६ मध्ये डॉटनेटमध्ये पडदे रचण्यासाठी डब्ल्यूपीएफ आल्यावर तो मजकूर उचलून बाइंडिंगला पुरवणारे कन्व्हर्टर जागोजागी लिहिले गेले.

मूल्य आणि मजकूर शेजारी असले की नवा पर्याय घालताना मजकूर लिहायचा विसरला जात नाही, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. ते खरे आहे, आणि एकाच भाषेतल्या छोट्या कार्यालयीन प्रोग्रामला तेवढे पुरतेही. पण ॲट्रिब्यूटमध्ये लिहिलेला मजकूर कंपाइल होतानाच गोठतो, त्यामुळे तोच प्रोग्राम दुसऱ्या भाषेत दाखवायचा झाला की अडचण येते. नंतरच्या डिस्प्ले ॲट्रिब्यूटने मजकुराऐवजी रिसोर्स फाइलमधली किल्ली देण्याची सोय केली, तेव्हा मजकूर पुन्हा कोडबाहेर गेला. विसरण्याची भीती असेल तर प्रत्येक मूल्याला मजकूर आहे की नाही हे तपासणारी एक छोटी चाचणी पुरते.

मराठीत तर रिसोर्स फाइलही एकटी पुरी पडत नाही. अर्ज मंजूर झाला, रजा मंजूर झाली, बिल मंजूर झाले: मूल्य एकच, वाक्ये तीन. कोणते वाक्य हवे हे एनमला कळत नाही, ते त्या पडद्यालाच ठाऊक असते. म्हणून मराठी पडदा करणाऱ्यांनी एनमला फक्त मूल्य सांभाळू द्यावे आणि मजकूर पडद्यागणिक, मराठी नीट जाणणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यावा.