गोळी, घोट आणि अन्ननलिका

आज तिरोड्यात आपण औषधांच्या इतिहासातला एक छोटा पण दुखरा कोपरा बघणार आहोत. मूल बरं व्हावं म्हणून दिलेली गोळी त्याच्या अन्ननलिकेत अडकते, तिथेच विरघळते आणि जखम करते. वैद्यकाला हे उमगायला १९७० साल उजाडावं लागलं.

का, ते बघू. आपल्याकडे लहान मुलाला गोळी गिळायला देत नसत. बाळगुटीतलं हळकुंड, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग सहाणेवर उगाळायचं, आईच्या दुधात कालवायचं आणि चाटवायचं. वेढे किती द्यायचे ते आजीला ठाऊक. मोठ्यांसाठी गोळ्या होत्याच. शार्ङ्गधरसंहितेत वटीला वेगळा अध्याय आहे. पण वैद्य गोळीसोबत अनुपान सांगे: मध, तूप, दूध, कोमट पाणी. अन्ननलिका जपण्यासाठी हे योजलं होतं, असा दावा आम्ही करणार नाही. पूर्वजांना सगळंच माहीत होतं म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. अनुपान औषधाचा गुण वाढवण्यासाठी असे. पण त्यामुळे गोळी सहसा कोरडी जात नसे, एवढं खरं.

मग यंत्र आलं. १८४३ मध्ये इंग्लंडात विल्यम ब्रॉकेडन यांनी चूर्ण दाबून गोळी बनवण्याचं पेटंट घेतलं. जिलेटिनची कॅप्सूल फ्रान्समध्ये १८३४ चीच. मात्रा नेमकी झाली, औषध खिशात मावू लागलं. अनुपान तेवढं मागे राहिलं.

जखम मात्र कोणाला दिसेना. कुसमाउल यांनी १८६८ मध्ये जर्मनीत सरळ कडक नळी आत घालून पाहिली, तीही तलवार गिळणाऱ्या एका खेळ्यावर! आजारी पोराला असं कोण करणार? लवचीक दुर्बीण हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये आणली. त्यानंतर १९७० मध्ये ब्रिटनमधून पेम्बर्टन यांनी पोटॅशियमच्या गोळ्यांनी अन्ननलिकेत झालेल्या व्रणाची नोंद प्रसिद्ध केली. पुढे डॉक्सीसायक्लिनच्या व्रणांच्याही नोंदी येत गेल्या.

होतं असं, की छातीच्या मध्यावर महाधमनी अन्ननलिकेला टेकते. तिथे वाट जरा चिंचोळी. गोळी तिथे चिकटते. डॉक्सीसायक्लिनचा द्राव चांगलाच आम्लधर्मी, लोहाची गोळीही आतल्या अस्तराला चटका देणारी. १९८२ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १२१ धडधाकट माणसांना गोळ्या-कॅप्सूल देऊन त्यांचा प्रवास क्ष-किरणांनी पाहिला. अडकल्या बऱ्याच जणांच्या. संशोधकांनी सांगितलं: किमान १०० मिलिलिटर पाणी, आणि नंतर निदान ९० सेकंद उभं राहायचं. अर्धा पेला पाणी आणि दीड मिनिट, बाकी काही नाही.

आता मुलांकडे येऊ. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन घेणारी चौदा-पंधरा वर्षांची पोरं यात बरीच सापडतात. झोपायच्या आधी एका घोटाबरोबर कॅप्सूल टाकली आणि आडवं झालं, की सकाळी छातीत आग आणि लाळ गिळतानाही कळ. लोहाची गोष्ट आपल्या आणखी जवळची. ॲनिमिया मुक्त भारत योजनेत शाळेतल्या पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्यांना निळी गोळी आठवड्यातून एकदा मिळते. रक्त वाढवायला ती हवीच, बंद करा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण वर्गात रांग लावून गोळी हातावर ठेवली आणि पाण्याची बाटली एकच फिरली, तर शेवटच्या पोरीच्या वाट्याला किती पाणी येतं?

अशी पोर दुसऱ्या दिवशी जेवायला नको म्हणते. घरचे म्हणतात नाटक करते, कोणी म्हणतं पित्त झालं. तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारायचं: काल गोळी कशी घेतलीस, पाणी किती प्यालीस, लगेच झोपलीस का? बरेचदा निदान तिथेच होतं. ते औषध थांबवलं, काही दिवस मऊ-पातळ खायला दिलं, की बहुतेक व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. क्वचित कोणाला रक्तस्राव होतो, क्वचित नळी आकसते. मग दुर्बिणीतूनच उपचार करावा लागतो.