व्यसनमुक्तीचा उपचार : सरकारची जबाबदारी काय आणि शिरोली एमआयडीसीतून जाब कुणाला विचारायचा?

नोव्हेंबर २०२१ मध्ये चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडी येथे मेफेड्रोन, म्हणजेच एमडी, तयार करण्याचा अड्डा उघडकीस आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये एमडीचा मोठा साठा पकडला. अशा बातम्यांत माल किती किलो, किंमत किती कोटी आणि अटक किती जणांना, हे सगळे असते. पण त्याच जिल्ह्यात व्यसनाचा उपचार मागायला किती जण आले, किती जणांना खाट मिळाली आणि किती जण परत पाठवले गेले, हे आकडे कुणी विचारत नाही. ते विचारणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. त्यासाठी लागणारी माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

व्यसन हा कायद्याच्या भाषेत आजार आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे दारू किंवा नशेच्या विळख्यात सापडलेला माणूस कायद्यापुढे रुग्ण ठरतो आणि रुग्णाचे सर्व हक्क त्याला लागू होतात.

हे लक्षात ठेवणे आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाचे आहे. पाचवे शील आणि बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा यांमुळे आपल्याकडे दारूबद्दल ठाम भूमिका आहे, आणि ती असायलाच हवी. पण या भूमिकेमुळे व्यसनी माणसाचे घर गप्प बसू लागले, तर नुकसान त्याच घराचे होते. शील पाळणे ही व्यक्तीची जबाबदारी आहे. आजारी माणसाला उपचार देणे ही सरकारची जबाबदारी आहे. एकीचे कारण सांगून दुसरी टाळता येत नाही.

उपचार न मिळण्याचे प्रमाण किती मोठे आहे, हे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून दिसते. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार १८० जणांमागे एकाला मिळतात.

सरकारवर बंधन टाकणारे कायदे

*संविधान.* अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे आणि औषधी उपयोग वगळता मादक पेये व पदार्थांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. पण अनुच्छेद २१ चा आधार घेता येतो. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही, असे सांगितले.

*एनडीपीएस कायदा १९८५.* हा कायदा फक्त शिक्षेचा आहे असा समज आहे. प्रत्यक्षात कलम ७१ सरकारला व्यसनाधीनांची ओळख, उपचार आणि पुनर्वसन यांसाठी केंद्रे उभारण्याचा अधिकार देते. कलम ६४अ तर प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावे. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. आता जिल्ह्यात अशी संस्थाच नसेल किंवा तिथे जागा नसेल, तर हे संरक्षण मिळणार कसे? उपचाराची सोय न करता फक्त अटक करणे म्हणजे कायद्याचा अर्धाच भाग अमलात आणणे होय.

*मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८.* सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत परवडणाऱ्या खर्चात उपचार मिळणे हा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ते मोफत मिळाले पाहिजेत. अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरापासून वर मोफत उपलब्ध हवीत. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील, तर जिल्ह्यातील इतर ठिकाणी उपचार घेता येतात आणि खर्च सरकारने सोसायचा असतो.

राज्यापुरते पाहिले तर महाराष्ट्राने २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरण स्वीकारले. ते सामाजिक न्याय विभागाकडे आहे. दुसरीकडे, १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कवाढीला मंजुरी दिली, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल मिळेल असे सांगण्यात आले. या पैशातला किती वाटा उपचारासाठी राखला, हा प्रश्न विचारण्याचा प्रत्येक करदात्याला अधिकार आहे.

एका कामगाराच्या वाटेने जाऊन पाहू

शिरोली एमआयडीसी पुणे–बेंगळुरू महामार्गाला लागून, हातकणंगले तालुक्यात आहे. फौंड्री हा इथला मुख्य उद्योग. भट्टीजवळची उष्णता, धूळ, पाळीचे काम, ठेकेदारी आणि घरापासून दूर राहणारे परप्रांतीय तरुण, हे इथले वास्तव आहे.

समजा, रात्रपाळी करणारा एक मोल्डर रोज पितो. एक दिवस घरच्यांच्या आग्रहाने तो दारू एकदम बंद करतो. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, फिट येते. दीर्घकाळ पिणाऱ्याने अचानक दारू सोडली की होणारा हा त्रास जिवावर बेतू शकतो. त्याला त्या रात्री डॉक्टर, औषध आणि खाट हवी असते. भाषण नको असते. तो कुठे जाईल, आणि तिथे सोय नसेल तर उत्तर कोण देईल?

प्रत्येक दारावर वेगळा मालक आहे:

- उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र : जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग.
- ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम : सार्वजनिक आरोग्य विभाग, जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक.
- सीपीआर रुग्णालय, कोल्हापूर : राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभाग.
- अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रे आणि प्रचारकार्य : समाजकल्याण कार्यालय.
- दारूचे परवाने आणि अवैध दारू : राज्य उत्पादन शुल्क विभाग.
- चिठ्ठीशिवाय विकली जाणारी औषधे : अन्न व औषध प्रशासन. शस्त्रक्रियेवेळी उतरलेला रक्तदाब वाढवण्यासाठीचे मेफेंटरमाईन इंजेक्शन ताकदीसाठी आणि नशेसाठी घेतले जाते, तो प्रश्न याच विभागाचा.
- अमली पदार्थांविरोधी जिल्हास्तरीय समन्वय समिती : अध्यक्ष जिल्हाधिकारी. हे सगळे विभाग एका टेबलावर येण्याची जागा हीच.

एमआयडीसी भूखंड, रस्ते आणि पाणी पाहते. दवाखाना हे तिचे मुख्य काम नाही. म्हणून "एमआयडीसीला सांगा" या उत्तरावर थांबू नये.

कामगाराचे स्वतःचे दार : ईएसआय

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४४ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगार आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला. त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. आज १० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ईएसआय योजना लागू आहे. वेतनाच्या ०.७५ टक्के कामगाराकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून जमा होतात. ठेकेदाराकडच्या कामगाराचा हिस्सा भरण्याची जबाबदारीही शेवटी मुख्य मालकावर येते.

हे दान नव्हे, कामगाराच्या घामाचा पैसा आहे. म्हणून पहिले काम : वस्तीतल्या प्रत्येक कामगाराकडे ईएसआय क्रमांक आहे का ते पाहा. दुसरे काम : व्यसनाच्या उपचारासाठी ईएसआयची कोणती सोय जवळ आहे, ते लेखी विचारा.

खासगी केंद्रांबाबत सावध राहा

सरकारी दार बंद दिसले की घरचे लोक कर्ज काढून खासगी केंद्राकडे धावतात. मानसिक आजारावर उपचारासाठी रुग्ण ठेवणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी बंधनकारक आहे. विनानोंदणी केंद्राला पहिल्यांदा ५ हजार ते ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. साखळीने बांधणे कलम ९५ नुसार पूर्ण बंद आहे. मारहाण हा उपचार नाही, गुन्हा आहे. दाखल करण्यापूर्वी नोंदणी क्रमांक मागा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि कधी येतात ते विचारा.

जाब विचारण्याची पद्धत

१. *माहिती अधिकार.* महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला माफ. उत्तर ३० दिवसांत. उत्तर न मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील. प्रत्येक विभागाला वेगळा अर्ज करा.

२. *काय विचाराल?* व्यसनमुक्तीसाठी राखीव खाटा किती? मानसोपचारतज्ज्ञांची मंजूर पदे किती, भरलेली किती? गेल्या तीन वर्षांत दाखल रुग्ण आणि पुढे पाठवलेले रुग्ण किती? निधी किती आला, किती खर्च झाला? जिल्हास्तरीय समन्वय समितीच्या बैठकांची इतिवृत्ते द्या.

३. *ग्रामसभा.* उत्तरे वाचून दाखवा आणि ठराव घ्या. दारूचे दुकान बंद करायचे असेल तर २००८ च्या आदेशानुसार मतदानाची मागणी करता येते. निम्म्याहून अधिक मतदारांचा कौल दुकानाविरुद्ध लागतो.

४. *लोकशाही दिन.* जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तक्रारीसोबत माहिती अधिकारातील उत्तर जोडा.

५. *मोफत वकील.* विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. व्यसनपीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची स्वतंत्र योजनाही आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने जनहित याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही.

तातडीने सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस १४४१६ हे क्रमांक विहाराच्या फलकावर लावा. फिट किंवा भास असतील तर मात्र फोनवर न थांबता रुग्णाला थेट रुग्णालयात न्या, आणि परत पाठवले तर कारण लेखी मागा. तो एक कागद पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

आजच्या हातकणंगले तालुक्यातल्याच माणगावला मार्च १९२० मध्ये परिषद भरली होती. शाहू महाराज आणि बाबासाहेब तिथे एका व्यासपीठावर होते. त्या तालुक्यातल्या तरुणांनी जयंतीच्या वर्गणीबरोबर दरवर्षी पाच माहिती अर्जांचाही संकल्प करावा. सुरुवात एका प्रश्नाने होऊ शकते : शिरोलीतल्या कामगाराला आज रात्री खाट लागली, तर ती कुठे आहे?