जप: मोजायचा कशासाठी?

एखादे नाव, मंत्र किंवा प्रार्थना ठरवून पुन्हा पुन्हा म्हणणे म्हणजे जप. मोठ्याने केला तर वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही तो उपांशु, आणि मनातल्या मनात केलेला मानस. परंपरा मानस जपाला श्रेष्ठ मानते. करून पाहा, सर्वांत अवघडही तोच.

माळेत मणी 108, पण हिशेबात एका माळेचे 100च धरायची पद्धत आहे; वरचे 8 चुकलेमाकलेले. मेरुमणी ओलांडत नाहीत, तिथून माळ उलटी फिरवतात. हल्ली बोटात घालायचे डिजिटल काउंटर मिळतात, त्यांत ही थांबायची जागाच नाही!

मोजणी असते ती भरकटलेले मन परत आणायला. तिच्याशिवायही चालते. नागपूरजवळच्या वाडीतून जाणाऱ्या अमरावती रस्त्यावर पुढे मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909-1968) तिथे 1935 साली गुरुकुंज आश्रम स्थापला आणि सामुदायिक प्रार्थना विदर्भात गावोगावी रुजवली. तिला माळ नाही, आकडा नाही. जात-धर्म न पाहता सगळ्यांनी एकत्र बसायचे आणि रोज तेच शब्द म्हणायचे.

शरीरावर परिणाम होतो का? 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतला एक अभ्यास आला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना किंवा ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला साधारण 6 वर आला, हृदयाची लयही त्याच्याशी जुळली. अभ्यास अवघ्या 23 जणांचा होता. ‘अमुक लाख जपाने आजार बरा’ असा फॉरवर्ड आला, तरी बीपीची गोळी चालूच ठेवा.