कासेगावातून लिहिलेला इतिहास

सातारा म्हणजे गडकिल्ले, छत्रपतींची गादी आणि इंग्रजांनी वसवलेली पाचगणी, एवढ्यावर इथल्या इतिहासाकडे नव्याने वळणाऱ्याने थांबू नये. पाचगणीच्या पायथ्याची कृष्णा पुढे कऱ्हाड-वाळव्याकडे जाते. तिच्या काठच्या गावांनी गेल्या शतकात जे बंड केले, ते वाचायला आपल्याला समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट यांनी शिकवले.

1941 साली मिनिआपोलिसला जन्मलेल्या या बाईंनी 1973 मध्ये बर्कलीला प्रबंध सादर केला, तो महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर. नोकऱ्यांसाठीची धडपड, इंग्रजधार्जिणे राजकारण, असे म्हणून ही चळवळ निकालात काढली जाई. ऑम्वेट यांना तीत शेतकरी दिसला. सत्यशोधक समाजाच्या जलशाकडे, म्हणजे प्रचारी लोकनाट्याकडे, त्यांनी नीट पाहिले: ढोलकी तीच, बाज तमाशाचा, पण फडावर भटजी आणि सावकाराची झडती. अक्षरओळख नसलेल्या कुळापर्यंत जोतीराव फुल्यांचे विचार पोचले ते जास्त करून असे. 1920च्या आसपास साताऱ्याची कुळे जमीनदारांविरुद्ध उठली, पुढे याच पट्ट्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज राजवटीला समांतर सरकार, उभे राहिले. नाना पाटीलही सत्यशोधक मुशीतलेच. हा धागा सापडणे, हे मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते.

1976 साली चळवळीतले कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी लग्न करून त्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या झाल्या. सासूबाई इंदुताई प्रतिसरकारच्या कार्यकर्त्या. 1983 मध्ये ऑम्वेट यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधले, खर्चासाठी नदीतलीच थोडी वाळू विकली, आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क धरला. त्या लढ्यात ऑम्वेट होत्या. ज्यांच्याबद्दल लिहायचे त्यांच्यासोबत उभे राहिल्याने अभ्यास उणावतो, हे मला पटत नाही. जमीन आणि पाणी कोणाच्या हातात, हा प्रश्न त्यांच्या लिखाणात इतका धारदार आहे तो त्यामुळेच.

त्यांच्याशी वाद जरूर घालावा. शेतकरी संघटनेला त्यांनी दिलेला पाठिंबा किंवा नर्मदा धरणाबाबत अरुंधती रॉय यांना लिहिलेले खुले पत्र आजही अनेकांना खटकते. 2021 मध्ये त्या कासेगावातच वारल्या; त्यांचे काम मात्र पुढे न्यायचे आहे. प्रतिसरकारात भाकऱ्या थापणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, भूमिगतांना घरात लपवणाऱ्या बायकांचा इतिहास अजून पुरता लिहायचा आहे. ज्याला वाळव्या-तासगावची बोली कळते आणि ओसरीवर बसून ऐकायची सवड आहे, त्याने हे काम हाती घ्यावे.