न्यूमोनियातील बेडक्याची तपासणी

न्यूमोनियाच्या रुग्णाने छातीतून खोकून काढलेल्या बेडक्यात रोगजंतू शोधणे व त्यावर कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे ठरवणे, यासाठी प्रयोगशाळेत ही तपासणी करतात.

तिचे यश बहुतांशी नमुन्यावर अवलंबून असते. प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसापूर्वी नमुना घेणे उत्तम. मात्र अत्यवस्थ रुग्णाचे औषध त्यासाठी अडवून ठेवू नये. रुग्णाने साध्या पाण्याने चूळ भरून, खोल श्वास घेऊन, जोराने खोकून बेडका निर्जंतुक डबीत काढावा. ती दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावी. नुसती लाळ उपयोगाची नाही, कारण तोंडात एरवीही असणारे जंतू तिच्यात विपुल असतात. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली पेशी मोजतात. एका दृश्यक्षेत्रात २५ हून अधिक पूपेशी आणि तोंडाच्या अस्तरातील १० हून कमी पेशी असल्यास नमुना चांगला समजतात. लाळमिश्रित नमुना परत पाठवून दुसरा मागवणारी प्रयोगशाळा रुग्णाचे हितच करते. तशा नमुन्यावरचा अहवाल चुकीच्या औषधाकडे नेतो.

पुढची पायरी ग्राम रंजनाची, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची. हान्स क्रिस्टियान ग्राम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये बर्लिनमध्ये ही रीत प्रसिद्ध केली, तीही न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांतील जंतू नीट दिसावेत या खटपटीतून. जांभळे, टोकदार, जोडीजोडीने दिसणारे जंतू न्यूमोकॉकस सुचवतात, जांभळे झुबके स्टॅफिलोकॉकस, तर जाड गुलाबी दंडाणू क्लेब्सिएला. हा अंदाज तासाभरात मिळू शकतो.

संवर्धनासाठी, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी, रक्त, चॉकलेट व मॅकॉन्की आगर या पोषक माध्यमांवर नमुना पसरून सुमारे ३५° से. तापमानात १८ ते २४ तास ठेवतात. वाढलेल्या जंतूची औषधसंवेदनशीलता कळायला साधारण आणखी एक दिवस लागतो. त्यानंतर अंदाजाने सुरू केलेली व्यापक प्रतिजैविके थांबवून नेमके औषध देता येते.

न्यूमोनियाचे काही रोगजंतू मात्र या तपासणीत सापडत नाहीत. मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिका नसल्याने तो ग्राम रंजनात दिसत नाही. लिजिओनेला व विषाणूंसाठीही वेगळ्या चाचण्या लागतात. उलट बेडक्यात वाढलेली कँडिडा ही बुरशी बहुधा न्यूमोनियाचे कारण नसतो. बाह्यरुग्ण विभागातील सौम्य न्यूमोनियात ही तपासणी सरसकट करत नाहीत. रुग्णालयात दाखल असलेल्या गंभीर रुग्णात ती अवश्य करावी. भारतात दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर बेडका क्षयरोगासाठीही तपासतात.