कारंजाची पोथी आणि लेखणीवरचे जिणे

हातात नोकरी नाही, घरी शेतीवाडी नाही आणि तरीही लिहूनच जगावयाचे असा हट्ट धरणारा तरुण आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. पूर्वी तो छापखान्याच्या पायऱ्या झिजवी. आता घरबसल्या मजकूर पाठवितो. साधने पालटली, पण त्याचे तीन प्रश्न पालटले नाहीत. पहिले काम देणार कोण? मोबदला काय घ्यावा? आणि तो घेऊन मान कितपत राखता येतो? एक हजार वर्षांपूर्वी हेच प्रश्न ज्या कवीपुढे उभे राहिले, त्याच्या पोथ्या आपल्या वाशीम जिल्ह्यात, कारंजास, जपल्या गेल्या. त्या कवीची कथा आज सांगावी असे आम्ही योजिले आहे.

वाशीममध्ये वाङ्मयाच्या इतिहासाची गोष्ट निघाली की वत्सगुल्माचे स्मरण होणारच. चौथ्या शतकात येथे राज्य करणाऱ्या वाकाटक सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. मात्र पुढील साहित्यशास्त्रकारांनी त्याचा आदराने उल्लेख केला आहे. परंतु सर्वसेन स्वतः राजा. पहिले काम कोण देईल, ही चिंता त्याला कशाला असणार? आमचा कवी निराळ्या जातकुळीचा आहे.

त्याचे नाव पुष्पदंत. काश्यपगोत्री ब्राह्मण, आईबाप आधी शिवभक्त आणि मागाहून जैन झालेले. तो स्वतःस कृश व कुरूप म्हणवितो. ना घर, ना बायकामुले. ओसाड घरांत आणि देवळांत राहावे, अंगावर जुनेर असावे, अशी त्याची राहणी. पण बिरुद मात्र ‘अभिमानमेरू’! एका राजाच्या स्तुतीत कवित्व खर्ची घालून, तेथून निघून, दूरची वाट तुडवीत तो राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीपाशी आला. हे मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. तो नगराबाहेरच्या उपवनात विसावला असता दोघा जणांनी त्यास विचारले, शहरात का येत नाहीस? दुर्जनांच्या चढलेल्या भुवया पाहण्यापेक्षा डोंगराच्या कपारीत मरण बरे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

तृतीय कृष्ण राजाचा मंत्री भरत याच्या घरी हा कवी मग गेला. भरताने त्यास आधी स्नान घातले, जेवू घातले, विसावा दिला आणि काही दिवसांनी काम सांगितले: ‘महापुराण’ रचावे. येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. कवीस थैलीपेक्षाही ‘हे लिही’ म्हणणारा माणूस हवा असतो. दुसऱ्याचे उत्तर कवीच देतो. धन आपणांस तृणासमान, निर्व्याज स्नेह तेवढा हवा, म्हणून आपण या घरी राहतो, असे त्याने भरतास बजाविले. या बोलण्यास भाबडेपणा समजू नये. अन्न आणि निवारा त्याने घेतलाच. नाकारली ती मिंधेपणाची भावना. आपण काय घेतो व काय घेत नाही हे प्रथमच उघड सांगितल्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर होऊन गेले: मान राहिला.

९५९ मध्ये आरंभिलेले महापुराण ९६५ मध्ये पुरे झाले. मध्यंतरी, आदिपुराण संपल्यावर, कवीचे मन उडाले आणि काम थांबले. भरताने पुन्हा विनविले, तेव्हा लेखणी चालू लागली. पुढे भरताचा पुत्र नन्न याच्या आश्रयाने त्याने ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ ही काव्ये रचली. पण आश्रयाचेही आयुष्य असते. ९७२ मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले. आता पुष्पदंताने राहावे कोठे, हा त्याचा आक्रोश एका श्लोकात उरला आहे.

नगर गेले, मंत्री गेले; काव्ये मात्र राहिली. ती राखली पिढ्यान्‌पिढ्या नकला करणाऱ्या अनाम हातांनी. कारंजातील सेनगण व बलात्कारगण यांच्या भांडारांत ती पोथ्यांच्या रूपाने होती. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांनी केलेली सूची १९२६ साली निघाली आणि या ठेव्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ १९३१ साली, तर अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली कारंजाहून प्रसिद्ध झाले.

आता राजे नाहीत आणि मंत्र्यांच्या माड्याही नाहीत. याच जिल्ह्यातील शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ कादंबरीस १९९५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांनी शाळेत नोकरी करूनच लेखन केले. बहुतेकांची वाट अशीच असते, आणि तीत कमीपणा नाही. परंतु ज्यास नोकरीवाचून लिहावयाचे आहे, त्याच्यासाठी भरताची जागा आता कोणी भरावयाची? आमच्या मते ती आपणा वाचकांनी भरावी. गावातल्या लिहिणाऱ्यास ‘लिही’ म्हणावे, त्याचे पुस्तक विकत घ्यावे, व्याख्यानास बोलाविले तर मानधन न मागता द्यावे. तृणासमान मानण्यापुरते तरी धन अभिमानमेरूच्या हाती आले पाहिजे!