एका व्याख्यानानंतर

इन्फ्लुएन्झाच्या लसीचा तास मी अनेक वर्षे फळ्यावरच घेत आलो. विषाणूचे प्रकार, मात्रा अर्धा मिलिलिटर, साठवण २ ते ८ अंश. मुले उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि विसरत. या शिकवण्यात काय राहून जाते, हे मला आयझॅक स्टार यांच्या आठवणी वाचताना कळले.

१९१८ साली स्टार फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला होते. २८ सप्टेंबरला युद्धकर्जाच्या प्रचारासाठी तिथे प्रचंड मिरवणूक निघाली. सुमारे दोन लाख लोक रस्त्यावर होते. काही दिवसांतच रुग्णालये भरली. कितीतरी डॉक्टर आणि परिचारिका युद्धावर गेलेल्या. विद्यार्थ्यांना इन्फ्लुएन्झावर एक व्याख्यान दिले गेले आणि तात्पुरत्या रुग्णालयांत कामाला लावले गेले. स्टार यांची पाळी दुपारी चार ते मध्यरात्र, काम परिचारिकेचे. साधा ताप घेऊन आलेला माणूस काही तासांत निळा पडे, तोंडाशी रक्ताचा फेस येई. दुसऱ्या दिवशी त्याच खाटेवर दुसराच चेहरा.

लस नव्हती असे मात्र नाही. त्याच ऑक्टोबरात शहरात हजारो लोकांना पुरेल इतकी लस तयार झाली होती. पण ती जिवाणूंपासून केलेली होती. फायफरचा जिवाणूच या रोगाचे मूळ, असा तेव्हा बहुतेकांचा समज. खरा विषाणू माणसाकडून मिळवला गेला तो १९३३ साली, लंडनमध्ये.

पुढचा धागाही एका विद्यार्थ्याकडे जातो. न्यूयॉर्कला शिकताना जोनास सॉल्क यांना एका तासाला सांगितले गेले, की मारलेल्या विषाने घटसर्प, धनुर्वातापासून संरक्षण मिळते. दुसऱ्या तासाला, की विषाणूंच्या बाबतीत ते जमणार नाही. दोन्ही खरे कसे, हा त्यांचा प्रश्न. ते थॉमस फ्रान्सिस यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. १९४३ साली या दोघांच्या सहभागाने अमेरिकी विद्यापीठांत प्रशिक्षण घेणाऱ्या सुमारे साडेबारा हजार सैनिकांवर मारलेल्या विषाणूच्या लसीची चाचणी झाली. लस न मिळालेल्यांत सुमारे सात टक्के आजारी पडले, लस घेतलेल्यांत दोन.

स्टार यांचा लेख छापून आला ऑक्टोबर १९७६मध्ये. योगायोग असा, की त्याच महिन्यात अमेरिकेत स्वाइन फ्लूची मोठी लसमोहीम सुरू झाली. चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली. अपेक्षित साथ आलीच नाही, काहींना मात्र गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार झाला, आणि डिसेंबरात मोहीम थांबली. लसीचे महत्त्व सांगायचे तर हे दोन्ही ऑक्टोबर सांगावे लागतात. मी पूर्वी एकच सांगत असे.

त्यानंतर मी तास फळ्यावरून वॉर्डात नेला. रुग्णालयातल्या मामा-मावशींना लस द्यायची ती विद्यार्थ्यांनीच, माझ्यादेखत. पहिल्याच दिवशी सफाईच्या एका मावशींनी पदर आवरून दंड मागे घेतला.

“टोचल्यावर ताप आला तर खाडा होतो, बाई. खाड्याचे पैसे कापतात. ते कोण देणार?”

माझी विद्यार्थिनी गप्प झाली. मारलेल्या विषाणूने फ्लू होत नाही, हे तिला तोंडपाठ होते. पण दंड दुखतो, एखाद्याला दिवसभर कणकणही येते, हेही तिला ठाऊक होते. तिने सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली, स्टूल ओढले आणि मावशींसमोर बसली.